तुझा बॅनर झाकला गेला

ऐरोली

प्रिय सुध्या,

पत्र लांबलं, राग धरू नकोस. मी बरा आहे, आईचा गुडघा तसाच. पण हे ऐक, घरात कोणाला सांगून कळणार नाही.

आपण दोघांनी बांधलेली ती कॉलेजची साइट! प्रवेश सुरू झाले आणि फोन आला, प्रवेशाची पट्टी दिसत नाही. माझ्याकडे दिसतेय, त्यांच्याकडे गायब. घणसोलीला जाऊन त्यांच्या मशीनवर पानाचा कोड इन्स्पेक्ट केला, तर पट्टीचा कप्पा, म्हणजे डिव्ह, जागेवर आणि त्यावर 'डिस्प्ले नन', म्हणजे दाखवू नको. कोडात त्या कप्प्याला दिलेलं नाव, म्हणजे क्लास, 'ॲड-बॅनर'! ॲडमिशनचं ॲड तूच केलंस. अख्खं नाव लिही म्हणून तेव्हा केवढा भांडलो होतो मी तुझ्याशी. त्यांच्याकडे युब्लॉक ओरिजिन लाइट, हे ब्राउझरला जोडायचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, 'कम्प्लीट' या सर्वांत कडक मोडवर होतं, त्याने जाहिरात समजून पट्टी झाकली. मोड त्याखालच्या 'ऑप्टिमल'वर आणला की दिसते. नाव बदललं, मिटलं. पार्टी तुझ्याकडून.

पण तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. टीममध्ये कोणती एक्स्टेन्शन्स चालू द्यायची, त्याची यादी सोमवारी मला द्यायचीय, आणि आमच्याकडे क्रोमशिवाय दुसरं काही चालत नाही. क्रोमने 2024 पासून मॅनिफेस्ट व्ही2, म्हणजे एक्स्टेन्शन्सची जुनी चौकट, बंद करत नेलं, त्यात मूळ युब्लॉक ओरिजिन गेलं. पूर्वी पान बाहेरून जे जे मागवतं, ती प्रत्येक रिक्वेस्ट अडवायची की सोडायची, हे एक्स्टेन्शन त्याच क्षणी ठरवायचं. आता नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करायचे, अडवणार ब्राउझर. धार कमी झाली, मला वाईट वाटतं. तरी लाइट 'बेसिक' या सर्वांत सौम्य मोडवर ठेवलं तर जाहिरात अडवायला पान वाचावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ॲडब्लॉक प्लस हा दुसरा ब्लॉकर नको. 2011 पासून ते 'स्वीकारार्ह' जाहिराती आपणहून आत सोडतं, आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात.

खरी धास्ती वेगळीच आहे. आमची पोरं ज्या ब्राउझरवर दहा टूल्स लावतात, त्यावरूनच क्लायंटच्या सर्व्हरवर लॉगिन करतात. ऑगस्ट 2017 आठव! वेब डेव्हलपर एक्स्टेन्शन बनवणाऱ्या ख्रिस पेडरिकचं खातं फिशिंगमध्ये गेलं, त्याच्या 0.4.9 आवृत्तीमधून पानांत जाहिराती घुसल्या, आणि महापेच्या ऑफिसात तू मशीनमागून मशीन ते काढत फिरलास. एवढ्या सज्जन माणसाचं टूल, तरी! न वापरलेले टॅब झोपवणारं ग्रेट सस्पेंडर तर विकलं गेलं आणि 2021 मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. फीचर्स काय बघायची, मागे कोण बसलंय ते बघावं. युब्लॉक ओरिजिन बनवणारा रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाही, म्हणून माझा त्याच्यावर जीव.

माझं ठरतंय असं: कामाच्या प्रोफाइलवर फक्त रिॲक्टमध्ये बांधलेली पानं तपासायचं रिॲक्ट डेव्हलपर टूल्स. पानाचा वेग वगैरे तपासणारं लाइटहाउस क्रोमच्या स्वतःच्या डेव्हटूल्समध्येच आहे, वेगळं कशाला? ब्लॉकर दुसऱ्या प्रोफाइलवर, म्हणजे टेस्टिंगमध्ये लुडबुड नाही, पण साइट देण्याआधी तिथेही एकदा उघडून बघायची. घरी फायरफॉक्स आणि मूळ ओरिजिन, तिथे ते अजून चालतं. तू फायरफॉक्सला म्हातारा म्हणायचास ना? बघ आता!

चिन्मयीची दहावी कशी गेली? नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

रविवारी फोन कर. यादी वाचून दाखवतो, एकेका नावावर भांड. तुझ्याइतकं खोडून काढणारं इथे कोणी नाही.

तुझा,
अव्या