गिअरबॉक्स बिघडला नव्हता, काका

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, तेलाची पातळी बघितलीस का?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे, इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय ट्रकचं ट्युनिंग करून घेतलं, म्हणजे जोर वाढवायला इंजिनच्या कंप्युटरची मांडणी बदलून घेतली, आठवड्याभरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लाथा झाडायला लागला आणि आता अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागणार या धास्तीने झोप उडाली, अशी मी काही एकटीच नसेन. त्यांच्याही कानावर तुमचं म्हणणं जावं.

आठवतं ना ट्रक कुठल्या अवस्थेत होता? डिझेल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, मागे ट्रेलर आणि ट्रेलरमध्ये रोपांच्या कुंड्या. चढावर दम लागतो म्हणून मी ट्युनिंग करून घेतलं आणि पहिले चार दिवस हवेत होते. मग एका चढावर दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम मोकळं सुटलं. इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा अठराशेवरून तेवीसशेवर उडाला, क्षणभर गाडीला कुणी धरलेलंच नाही असं वाटलं आणि मग धाडकन गिअर बसला. गर्दीत हळूहळू चालवताना मात्र भलतंच. पाय जेमतेम टेकवलेला असतानाही मागून कुणी लाथ घातल्यासारखा झटका. त्या आठवड्यात मी जागेवर पोचल्यावर आधी ट्रेलर उघडून आडव्या पडलेल्या कुंड्या मोजायचे. एकदा अकरा निघाल्या.

सल्ले भरपूर मिळाले. एका गॅरेजने न तपासताच "खोलावा लागेल" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवायला लावली. सकाळी घड्याळाची वेळ गेलेली आणि झटके जागच्या जागी. ज्याने ट्युनिंग केलं तो म्हणाला, "चालवत राहा, गाडीला सवय होईल." या तिघांमध्ये त्याचंच म्हणणं खऱ्याच्या जवळचं होतं, हे नंतर कळल्यावर मला जरा रागच आला.

तुम्ही आलात आणि बॉनेटला हात न लावता नुसते प्रश्न विचारत बसलात. गाडी थंड असताना होतं की गरम? सगळ्या गिअरना होतं की एकाच ठिकाणी? ट्रेलर सोडून चालवलीस का? पाय काढल्यावर, उतरत्या गिअरला काय होतं? मला एकाचंही उत्तर नीट देता येईना. मग तुम्ही मला स्टिअरिंगवर बसवलंत, स्वतः शेजारी गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर मांडीवर घेऊन बसलात आणि तासभर एक शब्द बोलला नाहीत. खरं सांगू? तेव्हा वाटलं, यांनाही काही समजत नाहीये.

परत आल्यावर सपाट जागा बघून, इंजिन चालू ठेवून, तेल गरम असतानाच गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी मोजायची पट्टी ओढलीत. थेंब पांढऱ्या कागदावर टेकवून बोटाने पसरलात, वास घेतलात, मग मला घ्यायला लावलात. "जळका येतोय?" नव्हता येत. रंग लालसरपणा सोडून तपकिरीकडे झुकलेला, पण करपलेला नाही. गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन काढल्यावर त्यातलं चुंबक माझ्या तळहातावर ठेवलंत. त्यावर राखाडी लेप होता, काजळासारखा मऊ. "हा चालतो. क्लचच्या प्लेटा झिजताना एवढं येणारच. नखाखाली टोचणारा कण निघाला असता तर मीच तुला खोलायला सांगितलं असतं." त्या लेपावर बोट फिरवताना पहिल्यांदा मला धीर आला.

मग तुम्ही तेलाच्या नव्या फिल्टरचं खोकं फाडलंत आणि झाकणाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर दोन चौकोन काढलेत. एक इंजिनचा कंप्युटर, दुसरा गिअरबॉक्सचा, मध्ये एक रेघ. इतके दिवस माझी समजूत अशी की गिअरबॉक्सला इंजिनची ताकद आपोआप जाणवत असेल, खांद्यावर ओझं आल्यासारखी. जुन्या गाड्यांत बऱ्याच अंशी तसंच होतं म्हणालात. थ्रॉटलला बांधलेली केबल खेचली जायची किंवा इंजिनच्या व्हॅक्यूमवरून ओझ्याचा अंदाज यायचा आणि त्याप्रमाणे तेलाचा दाब चढायचा. केबल ढिली असेल तर मिस्त्री ती पान्याने ताणायचा. आताचा गिअरबॉक्स टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, स्वतः मोजत नाही. इंजिनचा कंप्युटर हिशेब करून जो आकडा त्या रेघेवरून पाठवतो, त्यावर विश्वास ठेवून तो क्लचच्या प्लेटा किती दाबायच्या ते ठरवतो.

"तुझ्या इंजिनला इंधन वाढवून दिलं, पण टॉर्कच्या हिशेबाचा तक्ता जुनाच ठेवला. समज, ते देतंय नऊशे आणि वर सांगतंय सातशे. गिअरबॉक्स बिचारा सातशेच्या मापाने पकडतो." खोक्यावर तुम्ही ९०० लिहिलंत, खाली ७०० लिहिलंत आणि मधल्या रेघेवर फुली मारलीत.

चढावरचं सुटणं त्यातूनच आलेलं. गिअर बदलताना एक क्लच सोडतो आणि दुसरा पकडतो, एकाच्या हातातली भरली घागर दुसऱ्याने घ्यावी तसं. पहिल्याने आधीच सोडली, किंवा दुसऱ्याची पकड ढिली पडली, तर घागर निसटते आणि काटा वर उडतो. दोघांनी एकदम घट्ट धरून ओढाताण केली तर गाडीला आचका बसतो. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या अंशात उरकायचा असतो.

पण मग हळू चालवताना लाथ का, हा माझा प्रश्न तुम्हाला आवडला असावा, कारण तेव्हा कुठे तुम्ही हसलात. गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे सेन्सर असतात. त्यावरून कंप्युटरला कळतं की क्लच भरायला किती वेळ लागला आणि गिअर बसायला किती. उशीर झाला की तो पुढच्या वेळी थोडा दाब वाढवतो आणि नोंद ठेवतो. कोणता गिअर, किती टॉर्क, याप्रमाणे त्याचे खण पाडलेले असतात. आता इंजिन खोटा आकडा सांगत असल्याने माझे जड ओझ्याचे बदल हलक्या ओझ्याच्या खणात जाऊन पडत होते. चढावर घसरलं म्हणून त्याने त्या खणात दाब वाढवला आणि गर्दीत खरोखरच हलकं ओझं आलं तेव्हा तोच वाढीव दाब माझ्या पाठीत बसला. म्हणजे दोन वेगळे बिघाड नव्हतेच. मी दोन दुखण्यांची दोन औषधं शोधत फिरत होते.

त्या नोंदी सरसकट पुसून टाकायची घाई तुम्ही केली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. बॅटरी काढून या नोंदी आताच्या बऱ्याच गाड्यांत जात नाहीत, त्या पुसायला स्कॅनरच लागतो, आणि स्कॅनर हातात असतानाही तुम्ही आधी एकेका क्लचच्या नोंदीचा आकडा खोक्यावर उतरवायला लावलात. मी कंटाळले होते. "पुसलंस की पुरावा गेला," म्हणालात. एखाद्याच क्लचचा आकडा बाकीच्यांना सोडून टोकाला गेला असता, तर तो झिजलाय असं समजायचं. मग पुसण्याने दुखणं झाकलं जातं आणि त्या क्लचला पुन्हा कमी दाबापासून सुरुवात करावी लागते, म्हणजे आणखी घसरणं आणि आणखी जळणं. माझ्या गाडीचे आकडे सगळेच थोडे थोडे वर सरकले होते. तुम्ही पेन टोपणात घातलंत, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला.

ट्युनिंगवाल्याला तुम्ही केलेला फोन मला जन्मभर पुरेल. आवाज न चढवता दोन गोष्टी मागितल्यात. पहिली, टॉर्कचा तक्ता खरा कर. दुसरी, गिअर बदलताना इंजिन क्षणभर जोर कमी करतं ती सोय परत दे. गाडी चपळ वाटावी म्हणून त्याने ती काढून टाकली होती. गिअरबॉक्स मागतो, इंजिन पळभर इंधन आवरतं, पेट्रोलचं असेल तर ठिणगी मागे ओढतं, आणि तेवढ्यात क्लच बसून जातो. ती सोय नसेल तर प्रत्येक बदलाला पूर्ण जोर प्लेटांच्या अंगावर येतो. पलीकडचा बराच वेळ बाजू मांडत होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझा ट्युनिंगचा नकाशा चांगला आहे रे, पण त्याने गिअरबॉक्सला अंधारात ठेवलंय." दुसऱ्या दिवशी सुधारलेली फाइल आली.

मग गिअरबॉक्सची शिकवणी. बाहेरून बघणाऱ्याला ती मूर्खपणा वाटली असती. ट्रेलर सोडलेला, ट्रेलर ओढण्याचा मोड बंद, वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ बंद, कंपनीने सांगितलेल्या जातीचं नवं तेल. तेल नीट गरम होईपर्यंत गाडी चालवली. नोंदी पुसल्या. मग उभ्या गाडीत ब्रेक दाबून पार्कवरून रिव्हर्स, थांब, न्यूट्रल, थांब, ड्राइव्ह, थांब. प्रत्येक वेळी गिअर पूर्ण बसल्याची ती बारीकशी हालचाल जाणवेपर्यंत. तुम्ही बोटांवर मोजत होतात आणि मी घाई केली की बोट खाली न घेता माझ्याकडे बघत राहायचात.

रस्त्यावर निघताना माझ्या पायातले जाड तळव्याचे बूट काढायला लावलेत आणि पातळ तळव्याचे घालायला लावलेत. ॲक्सिलरेटर हलका, स्कॅनरवर पंधरा-वीस टक्के, आणि एकदा ठेवला की हलवायचा नाही. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत एकाच दाबाने चढायचं, मग पाय काढून गाडी आपली आपण मंदावू द्यायची, अगदी शेवटी ब्रेक, पूर्ण थांबा. पुन्हा तेच. पाय मध्येच हलला तर तो बदल कंप्युटर शिकण्यासाठी धरतच नाही, कारण उशीर क्लचमुळे झाला की माझ्या पायामुळे हे त्याला ठरवता येत नाही. तेल थंड असेल किंवा फार तापलं असेल तरी तो शिकत नाही. हे तुम्ही सांगितलंत तिसऱ्या फेरीला, मी वैतागून "किती वेळा?" विचारल्यावर.

पहिल्या तीन-चार फेऱ्या आधीपेक्षाही वाईट होत्या. तुम्ही नसता तर मी तिथेच हरले असते आणि पुन्हा सगळं पुसलं असतं. पाचव्या फेरीला दुसऱ्यावरून तिसरा असा बसला की मला काट्यावरूनच समजलं. नवव्या-दहाव्या फेरीला तुम्ही स्कॅनर बंद करून खिडकी उघडलीत. नंतर पाय थोडा जास्त, मग आणखी थोडा, आणि पुढचे काही दिवस पूर्ण जोर अजिबात नाही. ट्रेलर जोडला तो सगळ्यात शेवटी.

आता ट्रेलर भरून चढाला लागले तरी तेलाचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास राहतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला घट्ट बांधणारा लॉक-अप क्लच आधी ओझ्याखाली चाळीस-पन्नास आरपीएम घसरत होता, तो आता धरून राहतो. गेल्या खेपेला एकही कुंडी आडवी नव्हती. सवयीने मोजायला गेले आणि तशीच परत आले.

तुमच्या तेलाच्या वेडाचं मी आधी हसू करायचे, तेही इथे कबूल करते. १९८९ मध्ये क्रायस्लरने आणलेल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकची गोष्ट तुम्ही दोनदा सांगितलीत. तेव्हा असा स्वतः शिकणारा गिअरबॉक्स ही नवलाई होती, आणि त्यात लोक हाताला येईल ते तेल घालायचे, मग तो थरथरला की कंप्युटरला शिव्या द्यायचे. दुसऱ्यांदा सांगितलीत तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आले पुन्हा तेलावर. त्यानंतर मीच तीन जणांना ती सांगितली आहे.

एक सांगायचं राहिलंच. थंड सकाळी पहिल्या दोन-चार मिनिटांत दुसऱ्यावरून तिसऱ्याला अजून किंचित ओढ जाणवते, तेल तापलं की जाते. थंड तेलात तो शिकत नाही हे लक्षात आहे, त्यामुळे मी काहीच केलेलं नाही, पुसलेलंही नाही. तुमचं खोक्याचं झाकण दाराच्या कप्प्यात आहे. पुसण्याआधीचे आकडे, शेजारी दहा फेऱ्यांनंतरचे, आणि तिसरा रकाना तुम्ही आखून मोकळा सोडलेला. त्यात ट्रेलरसह महिनाभर चालवल्यानंतरचे आकडे परवा भरले. चौथ्या क्लचचा थोडा वर वाटतोय. झाकण घेऊन रविवारी येते.

तुमची,
ट्रकवाली