पुराच्या खुणा मीटरमध्ये हव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या खेडच्या जगबुडी नदीची इशारा पातळी 5 मीटर, धोक्याची 7 मीटर. पावसाळ्यात मोबाइलवर निरोप येतो तोही मीटरमध्येच. पण घराजवळच्या पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे मात्र फुटांचे. गेल्या आषाढात पहाटे चारला निरोप आला, 'पाणी 6.80 मीटर'. शेजारच्या काकींनी ओरडून विचारलं, "म्हणजे किती फूट रे? तांदळाची पोती माळ्यावर चढवू काय?" मी 3.28 ने गुणत बसलो. बावीसच्या वर, आणि धोक्याची रेषा तेवीसच्या आसपास. माझा हिशेब होईस्तोवर काकींनी दोन पोती उचललीसुद्धा, तेच बरं केलं.

घाटावर कोल्हापूरला पंचगंगेची पातळी फुटांत सांगतात: इशारा 39, धोका 43. टीव्हीवर दोन्ही आकडे पाठोपाठ येतात. 'तिकडे चाळीस झाले, आपल्याकडे सहाच' असं म्हणून निर्धास्त झोपलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्याची फार भीती वाटते.

मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. शेर-पायली दुकानातून गेली, सातबारावर हेक्टर-आर आले. बोलण्यात गुंठा, चिऱ्या-वाळूचा ब्रास, होडीवरची पाण्याची खोली मोजायची वाव राहू दे, त्यांच्यावर माझा जीव आहे. प्रश्न सरकारी फलकाचा आहे.

1983 साली एअर कॅनडाच्या नव्या विमानात इंधन भरताना किलोऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं, 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि पुढे दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे सगळे वाचले. विमानं आजही उंची फुटांत मोजतात, बहुतेक देशांत धावपट्टीची लांबी मात्र मीटरमध्ये. पण वैमानिकाला त्याचं शिक्षण दिलेलं असतं. नदीकाठच्या दुकानदाराला कोण देतं?

म्हणून विनंती आहे की पुलांच्या खांबांवर मीटरचे ठळक आकडे रंगवावेत, सवय होईपर्यंत खाली बारीक फूट असू देत. शिवाय बाजारपेठेतल्या भिंतींवर 22 जुलै 2021 चं पाणी कुठवर चढलं होतं ती खूण करून शेजारी लिहावं, त्या वेळी नदी किती मीटरवर होती. मग पहाटे निरोप आला की काकी भिंतीकडे बघूनच ठरवतील.

आपला,
एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)