अंगावर काढू नकोस, सुमन

पुणे, २४ जुलै

प्रिय सुमन,

काल फोनवर तू म्हणालीस, "अगं, धाकट्याला पावसाळी ताप आहे, आळीत घरोघरी आहे, होईल बरा." फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हेच वाक्य आमच्या घरी २०१५च्या फेब्रुवारीत सगळ्यांच्या तोंडी होतं. तेव्हा आम्ही "बदलत्या हवेचा" म्हणत होतो, एवढाच फरक. फोनवर बोलायला गेले की माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहायला बसले.

२००९चा ऑगस्ट तुला आठवत असेल. ३ तारखेला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी इथे पुण्यात घेतला, १४ वर्षांची शाळकरी पोर. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनात म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडत होते, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी ही रांग! दादा रोज सकाळी आम्हा सगळ्यांना विचारायचा, कुणाला कणकण वाटतेय का? पुढच्या ऑगस्टात जागतिक आरोग्य संघटनेनं ती महासाथ संपल्याचं सांगितलं. विषाणू मात्र इथेच राहिला, दरवर्षीच्या फ्लूत मिसळून गेला. लोकांची भीती तेवढी ओसरली, दादाचीसुद्धा.

मग २०१५च्या फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी सकाळी मंडईतून भाजी घेऊन आलेला दादा दुपारी अंथरुणात. ताप भरला तो एकदम, अंग ठणकतंय, डोकं जड, कोरडा खोकला. फ्लू असाच येतो गं. साधी सर्दी हळूहळू चढते, नाक गळतं, पण माणूस उठून चहा करून घेतो. फ्लू माणसाला आडवा पाडतो. दादाला मधुमेह होता. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! बुधवारी ताप उतरला, पोटभर वरणभात जेवला, आम्ही निर्धास्त झालो. गुरुवारी रात्री ताप परत चढला. मी उशाशी होते. "पाणी" म्हणाला, थांबला, दम घेतला, मग "दे" म्हणाला. दोन शब्द एका दमात निघत नव्हते. हात दिव्याजवळ नेऊन पाहिला तर नखं जांभळट. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा न्यूमोनिया झालेला होता. तिथे ऑसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, सुरू केलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, पहिल्या दोन दिवसांत आणायला हवं होतं. आठव्या दिवशी दादा गेला.

म्हणून तुझ्या पाया पडून सांगते. ताप आलेल्या प्रत्येकानं हॉस्पिटल गाठायची गरज नाही. तुझा धाकटा धडधाकट आहे, तो घरीच पडून राहिला तरी आठवड्यात उठेल. खोकला मागे रेंगाळेल, त्याला घाबरू नकोस. पण तुझ्या घरात तीन माणसं अशी आहेत की त्यांनी एक दिवसही अंगावर काढायचं नाही: ८२ वर्षांच्या सासूबाई, मधुमेहाचे भाऊजी आणि सातवा महिना लागलेली सूनबाई. यांच्यापैकी कुणाला ताप भरला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात ने. वय, साखर, महिने तू होऊन सांग, ते विचारतील याची वाट बघू नकोस. ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि अशा माणसांसाठी डॉक्टर तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. स्वतःच्या मनानं दुकानातून मात्र आणू नका. धाप लागली, छातीत दुखलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओठ निळे दिसले किंवा उतरलेला ताप उलटला, तर रात्र असो की पाऊस, गाडी काढायची. तान्ह्या पोराचं बघताना छाती आत ओढली जातेय का, दूध तोडलंय का, हे बघ.

धाकट्याला माडीवरची खोली दे, खिडक्या उघड्या ठेव. त्याचं सगळं एकट्या तूच कर, सूनबाईला वर जाऊ देऊ नकोस. दोघांनी मास्क लावा. पेज, ताक, सूप, काय जाईल ते थोडंथोडं देत राहा. तापाला पॅरासिटामॉल पुरे. लेकरांना अ‍ॅस्पिरिन कधीच नको. ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस माणूस दुसऱ्याला लागण देतो, म्हणून भजन आणि शाळा दोन्ही बंद. हात साबणानंच धुवा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं.

लशीचं तू विचारलंस. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू जोर धरतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. पण अजून वेळ गेलेली नाही, अंगात भिनायला दोन आठवडे लागतात एवढं लक्षात ठेव. सूनबाईनं डॉक्टरांना विचारून घ्यावीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, आईनं घेतलेलीच त्याच्या उपयोगी पडते. लशीनं फ्लू होतो असं कुणी म्हणालं तर सांग, त्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कसकस वाटेल, बस्स.

आजी १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे फ्लूच्याच, साथीचं सांगायची. ती तेव्हा दहा वर्षांची. घरातले सगळे एकदम पडले, पाणी द्यायला कुणी उठेना. शेजारच्या काकू दोन वेळा खिडकीत पेजेची तपेली ठेवून जायच्या, त्यावर ही सगळी जगली. तुमच्या आळीच्या टोकाला त्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई आहेत ना, त्यांचं दार कालपासून कुणी वाजवलंय का? आशाताईंना सांगून ठेव, आणि डबा देण्याच्या निमित्तानं रोज त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायचं. एका दमात बोलल्या की निम्मी काळजी मिटली.

बाळू उद्या पहिल्या एसटीनं येतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि ऑक्सिमीटर देतेय. ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली गेला तर थांबू नकोस. पत्र वाचून झालं की आधी सासूबाईंच्या कपाळाला हात लाव आणि लगेच मला फोन कर.

तुझीच,
मंदा