पाणी यायच्या आधी तयारी करूया: शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावाचं आवाहन

नमस्कार मंडळी, गावातल्या आणि पुण्या-मुंबईला, दुबईला कुठं कुठं पोटापाण्यासाठी गेलेल्या सगळ्यांनाच. ग्रामपंचायत आणि तरुण मंडळं मिळून जी आपत्ती समिती केलीय तिच्यातर्फे लिहितोय. जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा, पैसे शेवटीच मागितलेत :)

2019 ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्या वर, आणि धोका पातळी आहे 43. वर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इकडं पोटात गोळा येतो, त्यात कृष्णेलाही फुगवटा असला की दोन्ही नद्यांचं पाणी आपल्याच तालुक्यात तुंबून बसतं. दोन्ही वर्षी शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. केंद्राच्या आपत्ती बचाव दलाचा म्हणजे एनडीआरएफचा तळ पुण्याकडं सुदुंबरेला, राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. आता रस्ताच बंद असल्यावर ती माणसं येणार कशी आणि कधी, तुम्हीच सांगा.

काहीजण ग्रुपवर म्हणतात की हे सरकारचं काम आहे, आपण वर्गणी का काढायची. बरोबर आहे की. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं राज्याचं आपत्ती प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली आहे, जिल्ह्याचं कलेक्टरांच्या. 15व्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतले 10 टक्के पूर्वतयारी आणि ट्रेनिंगसाठी ठेवले होते, त्यातला आपला वाटा मागायला तहसीलमध्ये अर्ज दिलाय आणि पाठपुरावा सोडणार नाही. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाबद्दल कर्नाटकाशी बोलणं हे तर फक्त राज्य सरकारच करू शकतं, तिथं आपली ग्रामपंचायत काय करणार. पण त्याच कायद्यात स्थानिक संस्थेनं आपली माणसं ट्रेन करून साधनं तयार ठेवायची असंही लिहिलंय, आणि टीम पोचेपर्यंतचे पहिले तास कुठल्याही सरकारात आपल्यालाच काढायचे असतात.

खरी अडचण बोटीची नाहीच, जनावरांची आहे. दारात म्हैस बांधलेली असताना कोण घर सोडतंय? माणूस म्हणतो अजून एक पायरी आहे, रात्री बघू, आणि रात्रीत रस्ता जातो. मग बोट, आणि बोट नाही मिळाली तर गुळाची काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई. 2019 च्या 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं जास्त झालेली बोट उलटली, किती घरं उजाड झाली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून यंदा असं ठरलंय की पाणी इशारा पातळीला म्हणजे 39 फुटाला आलं की आधी जनावरं हलवायची, म्हातारी माणसं आणि बाळंतिणी त्यांच्याबरोबरच, रस्ता चालू असताना ट्रॅक्टरनं. बोट फक्त जे मागं राहतील त्यांच्यासाठी, आणि जॅकेट घातल्याशिवाय कुणालाच, सरपंचांनासुद्धा, बोटीत घ्यायचं नाही.

त्यासाठी काय लागणाराय: लाईफ जॅकेट (लहान मुलांच्या मापाची पण, ती नेहमी विसरतात), यांत्रिक बोटीच्या इंजिनची दुरुस्ती, जाड दोर, चार्जिंगचे मोठे टॉर्च, लाईट गेल्यावर चालणारा भोंगा, जनावरांना वाळकी वैरण आणि ट्रॅक्टरला डिझेल. कोटेशन ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावलीयत, बघून घ्या. पैसे ऑफिसात पावती घेऊनच द्या किंवा तिथल्या क्यूआर कोडवर टाका, कुणी घरी येऊन रोख मागितली तर देऊ नका. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवणार, मग ज्यांना शंका असतील त्यांनी तिथं विचारा, पारावर नको.

आणि प्लीज जुने कपडे पाठवू नका. मागच्या वेळी राज्यभरातनं लोकांनी भरभरून दिलं, उपकार विसरणार नाही, पण कपड्यांचे ढीग शेवटी शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडले.

पैसे नसतील तर ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी नाव द्या, उंचावर गोठा किंवा रिकामं शेड असणाऱ्यांनी सांगा, पट्टीचे पोहणारे पाहिजेतच. आपदा मित्रचं, म्हणजे सरकारच्या आपत्ती स्वयंसेवक योजनेचं ट्रेनिंग घेतलेली गावातली पोरं बाकीच्यांना शिकवणार आहेत. मोबाईलवर आपत्तीचे इशारे देणारं सरकारी सचेत ॲप टाकून ठेवा, जिल्हा कंट्रोल रूमचा 1077 नंबर भिंतीवर लिहा. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी घाटावर रंगीत तालीम आहे, बोट पाण्यात उतरवायचीय आणि भोंगा मळ्यापर्यंत ऐकू येतो का ते बघायचंय, त्यामुळं मळ्यातल्या लोकांनी त्या दिवशी घरीच थांबून फोन करायचा.