डार्ट गन आणि फ्लेशेट एक नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत वाघाला बेशुद्ध करायची बंदूक आणि धातूचे बाण मारणारी लष्करी बंदूक एकच करून टाकली, ते खटकलं म्हणून लिहितोय. आपल्या विदर्भात वनखात्याची डार्ट गन सगळ्यांना माहीत आहे, तिच्यात औषधाची सिरिंज असते, ती जीव वाचवायला. फ्लेशेट म्हणजे खिळ्यासारखा पोलादी बाण, मागं बारीक पंख, आणि तो माणूस मारायलाच बनवलेला. पहिल्या महायुद्धात वैमानिक असे बाण विमानातून खाली सैनिकांवर टाकायचे, नंतर 1960 च्या दशकात अमेरिकेनं ते रायफलीत घातले, बाण एक ग्रॅमचाही नाही आणि नळीत नीट बसावा म्हणून भोवती आवरण, जे बाहेर पडताच सुटतं. लहानपणी नागपूरच्या महाल भागात आम्ही खराट्याच्या काडीला टाचणी बांधून कागदाची शेपूट लावायचो, शेपूट जरा वाकली की बाण भलतीकडेच. तिथंही तसंच, आवरण सुटताना धक्का लागला की नेम गेला, शिवाय काडतूस महाग. 1989-90 च्या चाचण्यांनंतरही अमेरिकी सैन्यानं ती रायफल घेतली नाही.

जमलं ते सोव्हिएत युनियनला, पाण्याखाली. त्यांच्या एपीएस रायफलीतून सुमारे 12 सेंटिमीटर लांब पोलादी बाण सुटतो, कारण साधी गोळी पाण्यात लगेच दम तोडते.

विज्ञानकथांत मात्र सुई-बंदूक कधी चुकतच नाही, पोरं तेच खरं धरतात, म्हणून पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा ही कळकळीची विनंती.

एक वाचक, नागपूर