टक्का छापता, तर निर्देशांकही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

देशाच्या औद्योगिक उत्पादनाची बातमी आपल्या अर्थविषयक पानावर दर महिन्याला येते. पूर्वी ती 12 तारखेच्या सुमारास यायची, एप्रिल 2025 पासून सांख्यिकी मंत्रालयाने आकडेवारीची तारीख 28 केली, म्हणून आता महिनाअखेरीस येते. बातमीत एक टक्का असतो, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा उत्पादन किती वाढलं किंवा घटलं याचा. तो वर गेला की ‘उद्योगांना उभारी’, खाली आला की ‘उद्योगांना धक्का’. मार्च संपला की संपूर्ण वर्षाचा जमाखर्चही याच दोन मथळ्यांत उरकतो. माझी तक्रार टक्क्याबद्दल नाही, तो एकटाच छापला जातो याबद्दल आहे. रुग्णाचा ताप दोन अंशांनी उतरला एवढंच सांगायचं आणि आता किती आहे ते सांगायचंच नाही, असा हा प्रकार आहे.

हे मी अभ्यासक म्हणून लिहीत नाही. माझी सगळी नोकरी एका यंत्रनिर्मिती कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात झाली आणि सरकारकडे जाणारा उत्पादनाचा मासिक रिटर्न बरीच वर्षं माझ्याच टेबलावरून गेला. पेपरातला टक्का ज्या कागदांपासून बनतो, त्यांपैकी एक कागद मी भरत होते.

आधी हिशेबाचं बघू. निर्देशांक म्हणजे एका पायाभूत वर्षाचं उत्पादन 100 धरलं तर नंतरचं किती, ते सांगणारा आकडा; खालचे निर्देशांक 2011-12 हे वर्ष 100 धरून काढलेल्या मालिकेतले आहेत. 2019-20 मध्ये वर्षाची सरासरी होती 129. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि ती 118.1 वर घसरली, म्हणजे 8.4 टक्के घट. 2021-22 मध्ये 131.6, म्हणजे 11.4 टक्के वाढ. मथळे वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते ‘साडेअकरा टक्के वाढ’. प्रत्यक्षात 129 वरून 131.6, दोन वर्षांत जेमतेम 2 टक्के. एप्रिल 2021 चा आकडा तर याहून गमतीचा. त्या महिन्यात वाढ होती 134 टक्के! आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कारखान्यांना कुलपं होती, निर्देशांक 54 वर आला होता. त्यावर 134 टक्के म्हणजे साधारण 126, आणि एप्रिल 2019 मध्येही तो 126 च होता. दोन वर्षांपूर्वी होतो तिथे परत आलो, एवढाच त्याचा अर्थ. त्या महिन्यांची सरळ तुलना करू नये असं मंत्रालयाने स्वतः आपल्या पत्रकात लिहिलं होतं. मथळ्यात मात्र टक्काच गेला.

कोविड हा अपवाद होता असं कुणी म्हणेल. मग दिवाळीचं घ्या, ती दरवर्षी येते. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 साली 12 नोव्हेंबरला. दिवाळीच्या आठवड्यात कोणत्याही औद्योगिक वसाहतीत चक्कर मारा, गेटवर वॉचमन सोडून कुणी दिसणार नाही. त्यामुळे ऑक्टोबर 2022 मध्ये उत्पादन सुमारे 4 टक्क्यांनी घटलं. वर्षभराने त्याच पडलेल्या महिन्याशी तुलना झाली, तेव्हा ऑक्टोबर 2023 ची वाढ निघाली जवळजवळ 12 टक्के, आणि लगेच नोव्हेंबरमध्ये अडीच. एका महिन्यात उद्योगाला उधाण आणि दुसऱ्या महिन्यात ओहोटी, असं काहीही घडलेलं नव्हतं. सुटी इकडची तिकडे गेली होती. दोन महिने एकत्र धरले तर वाढ सातेक टक्के येते, आणि ती चांगलीच म्हणायची. तेवढं एक वाक्य बातमीत असतं, तर वाचकाला दोन महिने उगाच वर-खाली व्हावं लागलं नसतं.

आता रिटर्नबद्दल, कारण ही गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. आमच्याकडे साखर कारखान्यांसाठी मोठे गिअरबॉक्स बनायचे. फाउंड्रीतून केसिंग यायचं, ते बोरिंग मशिनवर चढायचं, गिअर कापले जायचे, त्यांचं हार्डनिंग आणि ग्राइंडिंग व्हायचं, मग असेंब्ली आणि शेवटी ट्रायल. चार-पाच महिन्यांचं काम. फॉर्मवर रकाना एकच, ‘महिन्यातील उत्पादन, नग’. ऑगस्टमध्ये दोन पाळ्या ओव्हरटाइमसह चालायच्या, आणि मी त्या रकान्यात लिहायचे शून्य. मार्चमध्ये डिस्पॅचची घाई असायची, शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हा एकदम तीन-चार नग. आमचे मॅनेजर सही करताना म्हणायचे, “बाई, शून्य काय लिहिता? दिल्लीला वाटेल आम्ही झोपा काढतो.” मी म्हणायचे, साहेब, रकाना त्यांचा आहे, तो पूर्ण झालेला नगच विचारतो.

भांडवली वस्तूंचा, म्हणजे यंत्रसामग्रीसारख्या मालाचा, आकडा एका महिन्यात 15 टक्के वर आणि दुसऱ्या महिन्यात तितकाच खाली, असं जे पूर्वी व्हायचं, त्याचं एक कारण हे. 2004-05 च्या जुन्या मालिकेत तर रबरी आवरणाच्या केबलने अख्ख्या भांडवली वस्तूंच्या गटाला कितीतरी महिने झुलवलं होतं. 2017 मध्ये 2011-12 ची मालिका आली, तेव्हा दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत अर्धवट झालेलं कामही मोजायला सुरुवात झाली. उशिरा का होईना, बरं झालं.

एखादी वस्तू देशाचा टक्का कसा हलवते, याचे नमुने आणखीही आहेत. जानेवारी 2012 ची वाढ आधी 6.8 टक्के जाहीर झाली होती. पुढे लक्षात आलं की साखरेचं उत्पादन 58.09 लाख टनांऐवजी 134.08 लाख टन धरलं गेलं. दुरुस्ती केल्यावर वाढ उरली 1.1 टक्के. एका रकान्यातल्या एका आकड्याने देशाच्या वाढीत पावणेसहा टक्क्यांचा फरक पडला. 2017-18 मध्ये वाढीला हातभार लावणाऱ्या वस्तूंच्या यादीत पचनाच्या आणि आम्लपित्ताच्या औषधांचं नाव महिनोन्महिने वर होतं. देशाला पित्त झालं म्हणून उद्योग वाढला, असं आम्ही जेवणाच्या सुटीत म्हणायचो.

2011-12 च्या मालिकेत बंद पडलेल्या कारखान्यांचा प्रश्न याहून गंभीर होता. निर्देशांकासाठी ठरावीक कारखान्यांकडून माहिती येते. त्यांतला एखादा कायमचा बंद झाला किंवा त्याने उत्पादनच बदललं, तरी त्याची जागा यादीत तशीच राहायची. तीच वस्तू बनवणारा नवा कारखाना शेजारी उभा राहिला, तरी त्याला कुणी विचारत नसे. बंद कारखान्यांच्या जागी दुसरे कसे घ्यायचे, यावर मंत्रालयानेच चर्चापत्र काढलं आणि नव्या मालिकेसाठी 2022-23 हे पायाभूत वर्ष निवडलं. या विषयावर आपल्या अंकात चार ओळीसुद्धा माझ्या वाचनात आल्या नाहीत.

त्यातच वाचकाचा गोंधळ वाढवायला दुसरा आकडा असतो, राष्ट्रीय उत्पन्नातला. 2023-24 मध्ये निर्देशांकानुसार कारखानदारी 5.5 टक्क्यांनी वाढली. मे 2025 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाची जी आकडेवारी आली, तिच्यात त्याच वर्षाची कारखानदारीची वाढ होती 12.3 टक्के. एकच वर्ष, एकच क्षेत्र, आणि दुपटीहून जास्त फरक! यात कुणी खोटं बोलत नाही. निर्देशांक मुख्यतः नग आणि टन मोजतो. राष्ट्रीय उत्पन्न मूल्यवर्धन मोजतं, म्हणजे विक्रीतून कच्च्या मालाचा आणि इतर खरेदीचा खर्च वजा जाता जे उरतं ते. त्या वर्षी घाऊक किमती घसरल्या होत्या, कच्चा माल स्वस्त मिळाला, कंपन्यांचं मार्जिन वाढलं. गिअरबॉक्स तेवढेच बनले, पण प्रत्येकामागे उरलेला पैसा वाढला. महागाई वजा करण्याची तेव्हाची पद्धत अशी होती की यातला बराच भाग ‘वाढ’ म्हणून दिसतो. अर्थशास्त्रज्ञांनी यावर भरपूर वाद घातले आहेत. आपल्या पानावर मात्र एका आठवड्यात साडेपाच आणि दुसऱ्या आठवड्यात बारा छापून येतं, आणि दोन्ही बातम्यांत ‘कारखानदारीची वाढ’ हेच शब्द असतात.

राहता राहिला लांब पल्ला. 2024-25 ची सरासरी 152.6 आहे, आदल्या वर्षीच्या 146.7 वरून 4 टक्के वाढ. 100 वरून 152.6 वर यायला तेरा वर्षं लागली, म्हणजे सरासरी वर्षाला सव्वातीन टक्के. आता हा आकडा 2011 च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाशेजारी ठेवून बघा. राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचा आणि 10 कोटी रोजगार उभे करायचे, असं त्यात लिहिलं होतं. वाटा त्या उद्दिष्टाच्या बराच खाली घुटमळत राहिला. सव्वातीन टक्क्यांनी चालणारं क्षेत्र सहा-सात टक्क्यांनी चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत आपला वाटा वाढवणार कसा, हे मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल. 2024-25 च्या त्याच 4 टक्क्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडली आहे. टिकाऊ ग्राहक वस्तूंची वाढ जवळजवळ 8 टक्के, आणि साबण-तेल-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंचं उत्पादन चक्क थोडं घटलेलं. कोणाची खरेदी चालू आहे आणि कोणाची थांबली आहे, हे त्यातून जितकं कळतं तितकं एकूण टक्क्यातून कळत नाही.

कामगारांची मोजणी तर वेगळ्याच पुस्तकात असते, ‘वार्षिक उद्योग पाहणी’त. ती उशिरा येते आणि आतल्या पानावर एका परिच्छेदात संपते. 2022-23 च्या पाहणीत नोंदणीकृत कारखान्यांतल्या कामगारांपैकी 40 टक्क्यांहून अधिक कंत्राटी होते. आमच्याच शॉपमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा कंत्राटी माणसं फक्त लोडिंगला आणि साफसफाईला असायची. मी निवृत्त झाले तेव्हा ती मशिनवर उभी होती. उत्पादनाचा रिटर्न मात्र दोन्ही वेळा सारखाच दिसायचा.

तेव्हा विनंती एवढीच. दर महिन्याच्या बातमीत टक्क्याशेजारी त्या महिन्याचा निर्देशांक आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्याचा निर्देशांक द्या. आकडा प्राथमिक आहे की सुधारित, ते लिहा. सण इकडचा तिकडे गेला असेल तर दोन महिने एकत्र दाखवा. आणि वार्षिक उद्योग पाहणी आली की अर्धं पान तिला द्या, त्यात आपल्या राज्याचे आकडेही असतात. जागा कमी पडत असेल, तर ‘उभारी’ आणि ‘धक्का’ यांचे मथळे थोडे लहान टाइपात घेता येतील.

आपली नियमित वाचक,
उत्पादन नियोजन विभागातून निवृत्त झालेली एक कर्मचारी