चि. अभिजितला, हाड कापणाऱ्या नव्या यंत्राविषयी

कोल्हापूर

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे मणक्याचं हाड कंपनांनी कापणारं अल्ट्रासॉनिक बोन स्काल्पेल आलं आणि सर ते आता तुझ्या हातात देणार, हे फोनवर ऐकून फार बरं वाटलं. बाबांनी तर शेजारीपाजारी सांगून टाकलं. पण बोलता बोलता तू म्हणालास, "आई, हे फक्त हाड कापतं, ड्युराला काही होत नाही." ड्युरा म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं आवरण, त्याच्याबद्दलचं ते वाक्य मनातून जाईना. आमच्या थिएटरमध्ये हे यंत्र वापरतात आणि मी सिस्टर म्हणून ट्रॉलीपाशीच उभी असते, म्हणून सविस्तर लिहिते.

डेमोला आलेला माणूस अंड्याचं कवच कापून आतला पापुद्रा शाबूत दाखवतो. त्यात लबाडी नाही. १८८० साली क्युरी बंधूंनी स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी वीज दिली की स्फटिक आकार बदलतो हेही सिद्ध केलं. त्याच गुणावर हे हँडपीस चालतं. टोक सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा पुढेमागे होतं, तेही मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाएवढं. मऊ भाग लवचीक, तो टोकाबरोबर हलतो आणि वाचतो. हाडाला तसं हलता येत नाही, म्हणून ते तुटतं. म्हणजे यंत्राला कठीण आणि मऊ एवढंच कळतं. ड्युरा कुठे आहे हे त्याला कळत नाही, ते तुलाच कळायला हवं.

मला हे यंत्र आवडतं, गैरसमज करून घेऊ नकोस. ड्रिलचा बर, म्हणजे पुढचं कापणारं टोक, गरगर फिरताना जवळची कापसाची पॅटी त्यात गुंडाळली जाते, कधी बर हाडावरून घसरतो. त्या वेळी थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. इथे फिरणारं काही नाही, त्यामुळे ती धास्ती कमी. काप बारीक जातो, हाडातून रक्तही कमी येतं. आणि लॅमिना, म्हणजे मणक्याची मागची हाडाची पट्टी, अख्खी निघते. ड्रिलने तिचा भुगा होऊन सक्शनमध्ये जातो, इथे तेच हाड आम्ही साफ करून ग्राफ्टसाठी, म्हणजे पुन्हा हाड भरायला, ठेवतो. पेशंटचं स्वतःचं हाड, त्याहून चांगलं काय?

पण तरीही ड्युरा फाटतो. हाताने जोर लावून टोक खाली रेटलं, तर मऊ भाग ताणला जातो, त्याला हलायला जागा उरत नाही आणि तोही कापला जातो. टोक एकाच जागी थांबलं तर उष्णता साठते. ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते, आणि खाली तर मज्जारज्जू किंवा नसांची मुळं आहेत. म्हणून हात सतत मागेपुढे फिरता ठेव. हाडाचा आतला कठीण थर सुटला की हाताखालचा विरोध एकदम कमी होतो. तो क्षण ओळखायचा आणि तिथेच थांबायचं. दुसऱ्या हाताचं बोट टेकवून ठेवलं तर टोक आत घुसत नाही. आमचे सर प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी हेच करायला लावतात.

पाण्याकडे लक्ष ठेव. सलाईन टोकावर पडतंय का, नळी कुठे मुडपली आहे का, बाटली संपत आली का, हे सिस्टर बघतेच, पण टोक तुझ्या हातात असतं. धूर किंवा जळका वास आला तर तसंच पुढे जाऊ नकोस.

आणि दोन प्रकारच्या पेशंटमध्ये जास्त जप. एक, ज्यांचं आधी ऑपरेशन झालंय. त्यांच्यात ड्युरा व्रणाला आणि हाडाला चिकटलेला असतो, हलायला मोकळा नसतो. दुसरे ओपीएलएल या आजाराचे. त्यांच्यात मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूच्या अस्थिबंधाचं हाड होतं आणि काहींच्यात ड्युराही हाडासारखा कठीण होतो. तिथे अंड्याचा डेमो विसरायचा, कारण यंत्राला तो ड्युराही हाडच वाटतो.

म्हणून ड्रिल आणि केरिसन, म्हणजे हाताने हाड कुरतडायचं हत्यार, सोडू नकोस. हातात ती सवय असेल तरच हे यंत्र तुझ्या उपयोगाचं. पुढे तू इकडे आलास, तर सगळीकडे ते मिळेलच असं नाही. आपल्याकडे पेशंट येतात ते गडहिंग्लज, राधानगरी, शिरोळकडचे, उसाच्या रानात वाकून आयुष्य काढलेले. मणक्यातली जागा अरुंद झालेली असते. भवानी मंडपातून बिंदू चौकापर्यंत चाललं तरी पाय भरून येतात, वाकून बसलं की बरं वाटतं. सायकल चालवू शकतात, चालू शकत नाहीत. त्यांना पुन्हा रानात जायचं असतं. ड्युरा फाटला तर शिवता येतो, पण त्यातून मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळत राहिलं तर दिवसच्या दिवस आडवं पडून राहावं लागतं, आणि घरी बैलांना वैरण घालायला कुणी नसतं.

एक काम कर. तुमच्याकडे टोक एका पेशंटलाच वापरतात की निर्जंतुक करून पुन्हा, ते विचारून कळव. झिजलेलं टोक हळू कापतं, मग हात नकळत जोर लावतो. महाग असतं, खर्च पेशंटवर पडतो, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे यावरून बोलणं चाललंय आणि मला तुमची पद्धत इन्चार्ज सिस्टरना सांगायची आहे.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई